तेलाशयातील जलपूरण व विहिरींची स्थाननिश्चिती

भूपृष्ठाखालील सच्छिद्र खडकात साठलेले खनिज तेल उत्पादक विहिरींकडे ढकलण्यासाठी त्याच खडकात वेगळ्या विहिरींतून दाबाखाली पाणी सोडण्याच्या पद्धतीस जलपूरण म्हणतात. तेल धारण करणाऱ्या खडकाच्या अशा भागाला तेलाशय ही संज्ञा आहे. पाणी कोठे, केव्हा व किती सोडावे आणि तेल काढणाऱ्या विहिरी कोठे खणाव्यात हे ठरविण्यासाठी तेलाशयाचे गणिती प्रतिमान तयार करून त्याचे वर्तन संगणकावर अजमावून पाहिले जाते. या क्रियेला तेलाशयाचे सदृशीकरण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील एका अपघाती अनुभवापासून सुरू झालेले हे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल अभियांत्रिकीची महत्त्वाची शाखा बनले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडील मुंबई हाय हे या शास्त्राचे उपयोग व मर्यादा या दोहोंचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

तत्त्व : तेलाशय म्हणजे जमिनीखालील तळे किंवा पोकळी नव्हे. वालुकाश्म वा चुनखडक यांच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत तेल, पाणी व वायू एकत्र असतात. खडकाच्या एकूण घनफळाशी छिद्रांच्या घनफळाचे जे प्रमाण असते ते म्हणजे सच्छिद्रता आणि छिद्रे परस्परांना जोडलेली असल्याने त्यांतून द्रव किती सुलभपणे वाहू शकतो याचे माप म्हणजे पार्यता. विहीर खणली असता तेल आपोआप वर येते ते खडकातील मूळच्या दाबामुळे. तेल निघत जाते तसा हा दाब उतरतो. तो एका विशिष्ट मर्यादेखाली गेला की, तेलात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वेगळा होतो. तेलापेक्षा वायू फार सहज वाहत असल्याने तो पुढे धावतो, मागे राहिलेले तेल अधिक दाट होते आणि विहिरीतून तेलाऐवजी वायूच अधिक येऊ लागतो. केवळ नैसर्गिक दाबावर विसंबल्यास अनेक तेलाशयांतील तेलाचा एक-पंचमांश भागही हाती येत नाही. जलपूरणाने दाब टिकून राहतो व पाण्याची आघाडी तेलाला पुढे रेटते. योग्य परिस्थितीत एकूण प्राप्ती एक-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते.

काढलेल्या तेलाने रिकामी केलेली जागा पाण्याने भरून काढणे हा जलपूरणाचा मूळ हिशेब होय. भूपृष्ठावरील एक बॅरल तेल, त्यात वायू विरघळलेला असल्यामुळे, तेलाशयात अधिक जागा व्यापते. उदा., ती जागा १.३ बॅरल असल्यास प्रत्येक बॅरल तेलामागे किमान १.३ बॅरल पाणी आत जावे लागते. तेलाबरोबर पाणी किंवा सुटा वायू वर येत असेल, तर त्यांची जागाही हिशेबात धरावी लागते.

तथापि पाणी समान आघाडीने पुढे सरकत नाही. ते कमी अडथळ्याची वाट शोधते. पूर्व विदर्भातील सिंदेवाहीसारख्या भातपट्ट्यात तलावाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सोडतात. बांधाला खेकड्याने बीळ केले असेल, तर पाणी त्या वाटेने निसटते आणि शेजारच्या बांध्या कोरड्या राहतात. तेलाशयातही जास्त पार्यतेचा एखादा पातळ थर सोडलेले बहुतेक पाणी ओढून घेतो. असे पाणी अल्पकाळात उत्पादक विहिरीत पोहोचते आणि कमी पार्यतेच्या थरांतील तेल जागीच राहते. शेतकऱ्याला बीळ दिसते व ते बुजविता येते. दीड हजार मीटर खोलीवरील खडकातील अशी वाट मात्र अप्रत्यक्ष पुराव्यांवरूनच ताडावी लागते. सदृशीकरणाची गरज येथूनच उद्भवते.

प्रारंभीचा इतिहास : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांची विहीर यशस्वी झाल्यावर त्या भागात विहिरींची दाटी झाली. १८६५ च्या सुमारास पिटहोल परिसरात वरच्या थरांतील पाणी काही विहिरींवाटे तेलाच्या थरात शिरले. पाणी शिरणे ही सामान्यतः आपत्ती समजली जाई. परंतु काही ठिकाणी आसपासच्या विहिरींचे उत्पादन त्यामुळे वाढल्याचे दिसून आले. या राज्याच्या भूवैज्ञानिक पाहणीचे जॉन एफ. कार्ल यांनी १८८० मध्ये, पाणी सोडून अधिक तेल मिळविणे शक्य असावे, असे मत मांडले.

याचा व्यापक वापर प्रथम पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क राज्यांच्या सीमेवरील ब्रॅडफर्ड क्षेत्रात झाला. तेलाच्या थरात पाणी जाऊ देण्यास प्रारंभी कायद्याची आडकाठी होती. त्यामुळे अनेक विहीरमालक ते गुपचूप करीत. न्यूयॉर्क राज्याने १९१९ मध्ये व पेनसिल्व्हेनियाने १९२१ मध्ये त्यास मान्यता दिली. सुरुवातीस एकाच विहिरीत पाणी सोडून सभोवार वाढत जाणारे वर्तुळ निर्माण केले जाई. विहिरींच्या संपूर्ण ओळीतून एकाच वेळी पाणी सोडण्याची पद्धत १९२२ मध्ये व चौरसाच्या चार कोपऱ्यांवरील विहिरींतून पाणी सोडून मधल्या विहिरीतून तेल काढण्याची पद्धत १९२४ मध्ये अंमलात आली. ब्रॅडफर्डचे उत्पादन १८८१ मध्ये शिखरास पोहोचून घसरले होते. जलपूरणामुळे १९३७ मध्ये त्याने दुसरे शिखर गाठले. विहिरींच्या परस्परसापेक्ष स्थानांवर प्राप्ती अवलंबून असते, ही गोष्ट या अनुभवातून स्पष्ट झाली. ती किती अवलंबून असते हे सांगण्यास मात्र गणिताची आवश्यकता होती.

गणिती पाया : फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात वाळूच्या थरातून जाणाऱ्या पाण्यावर प्रयोग करून १८५६ मध्ये आपला नियम प्रसिद्ध केला. प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराशी समप्रमाणात असतो, हे त्याचे सार होय. भूजलविज्ञान व तेलाशयविज्ञान ही दोन्ही शास्त्रे याच नियमावर उभी आहेत [⟶ भूजल]. अमेरिकन भौतिकीविज्ञ मॉरिस मस्कॅट यांनी सच्छिद्र माध्यमांतील प्रवाहावरील आपल्या १९३७ च्या ग्रंथात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. १९४२ मध्ये एस. ई. बकली व एम. सी. लेव्हरेट यांनी पाणी तेलाला ढकलीत जात असताना दोहोंच्या सीमेवर एक तीव्र आघाडी तयार होते आणि तिच्या मागेही काही तेल उरते, हे समीकरणांद्वारे दाखविले. पाणी उत्पादक विहिरीत केव्हा पोहोचेल व त्यानंतर तेलाचे प्रमाण कसे घटत जाईल, याचा अंदाज करणे त्यामुळे शक्य झाले. मात्र हे गणित एकाच दिशेच्या प्रवाहाला व एकजिनसी खडकाला लागू पडणारे होते.

संगणकापूर्वी विहिरींच्या मांडणीचा अभ्यास विद्युत् प्रतिमानांवर केला जाई. खडकातील प्रवाह व वाहकातील विद्युत् प्रवाह यांची समीकरणे सारख्या रूपाची असल्याने विद्राव भरलेल्या उथळ पात्रात विहिरींच्या जागी विद्युत् अग्रे बसवून प्रवाहाच्या रेषा आखीत. १९४३ मध्ये रोधक व धारित्रे यांचे जाळे वापरणारे विद्युत् विश्लेषक यंत्रही पुढे आले. अंकीय संगणक उपलब्ध होताच ही साधने मागे पडली. ह्यूस्टन येथे एका तेल कंपनीत काम करणाऱ्या डी. डब्ल्यू. पीसमन व एच. एच. रॅचफर्ड यांनी १९५५ मध्ये द्विमितीय समीकरणे आळीपाळीने एकेका दिशेने सोडविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या काळच्या अल्प स्मरणक्षमतेच्या संगणकांना ती पेलण्याजोगी होती आणि पुढे उष्णतावहनादी अन्य अनेक क्षेत्रांतही तिचा उपयोग झाला. १९५९ मध्ये जिम डग्लस यांच्यासह याच दोघांनी द्विमितीय क्षेत्रातील तेल व पाणी यांच्या एकत्रित प्रवाहाची गणना करून दाखविली. १९८१ मध्ये एकच कल्पित तेलाशय सात संस्थांनी आपापल्या संगणकीय कार्यक्रमांनी सोडवून उत्तरे ताडून पाहिली. २००१ च्या अशाच एका तुलनेतील प्रतिमानात सु. ११ लाख घटक होते.

सदृशीकरणाची कार्यपद्धती : तेलाशयाची कल्पनेने लहान ठोकळ्यांत विभागणी करतात. प्रत्येक ठोकळ्यास सच्छिद्रता, पार्यता, दाब आणि तेल, पाणी व वायू यांचे प्रमाण अशी मूल्ये दिली जातात. आत आलेले वजा बाहेर गेलेले बरोबर साठ्यातील बदल, हा द्रव्याच्या अक्षय्यतेचा हिशेब व दार्सी यांचा नियम एकत्र केला की, प्रत्येक ठोकळ्यासाठी समीकरणे मिळतात. काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या टप्प्याने ती पुनःपुन्हा सोडवून अनेक वर्षांचे चित्र तयार केले जाते [⟶ संगणक].

विहिरीचा व्यास काही सेंटिमीटर, तर ठोकळ्याची बाजू दहापट मीटरांची वा त्याहूनही मोठी असते. त्यामुळे ठोकळ्याचा दाब म्हणजे विहिरीतील दाब नव्हे. पीसमन यांनी १९७८ मध्ये या दोहोंचा संबंध दाखविला. चौरस ठोकळ्याच्या बाबतीत गणनेतून मिळणारा दाब विहिरीपासून बाजूच्या सु. एक-पंचमांश अंतरावरील दाबाइतका असतो. या शोधामुळे प्रतिमानातील विहिरी प्रत्यक्ष विहिरींशी जोडता आल्या.

प्रतिमानातील मूल्ये थोड्याच विहिरींत मोजलेली असतात. दोन विहिरींमधील खडकाची मूल्ये भूकंपीय पाहणी व भूवैज्ञानिक अनुमान यांवरून भरावी लागतात. म्हणून प्रतिमानाला प्रथम भूतकाळ विचारला जातो. आजवरचे उत्पादन देऊन त्याने दाखविलेला दाब, पाणी व वायू यांची प्रत्यक्ष नोंदींशी तुलना करतात आणि जुळणी होईपर्यंत मूल्यांत फेरफार करतात. या कामास इतिहास-जुळणी असे म्हणता येईल. येथे एक मूलभूत अडचण आहे. मूल्यांचे परस्परांहून भिन्न असे अनेक संच त्याच भूतकाळाशी जुळतात, परंतु त्यांची भाकिते वेगवेगळी निघतात. यासाठी २००० नंतर एकाऐवजी अनेक प्रतिमानांचा समूह घेऊन नव्या नोंदींनुसार त्या सर्वांत एकत्रित सुधारणा करण्याची पद्धत रूढ झाली. हवामान व सागरविज्ञान यांतून ती या क्षेत्रात आली. तिच्यामुळे उत्तराबरोबर त्यातील अनिश्चिततेचाही अंदाज मिळतो.

मुंबई हाय : मुंबईच्या वायव्येस समुद्रात सु. १६० किमी. अंतरावर, सु. ७५ मी. खोल पाण्याखाली हे क्षेत्र आहे. (पूर्वीचे नाव बाँबे हाय.) जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे तेल शोधून काढले. त्याच्या थोडेच आधी, १९७३ च्या अखेरीस, जागतिक बाजारात तेलाच्या किमती सु. चौपट झाल्या होत्या. आयातीवर विसंबणाऱ्या देशाला हे तेल तातडीने हवे होते. त्यामुळे शोधानंतर सव्वादोन वर्षांतच, २१ मे १९७६ रोजी, उत्पादन सुरू झाले. प्रारंभी तेल समुद्रातच जहाजांत भरले जाई. १९७८ मध्ये किनाऱ्यापर्यंत नळमार्ग टाकण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात येथून दररोज चार लाख बॅरलांहून अधिक तेल निघू लागले व देशाच्या एकूण उत्पादनात या एका क्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा झाला.

येथील मुख्य तेलाशय मायोसीन कालीन चुनखडकात असून तो समुद्रतळाखाली हजार मीटरांहून अधिक खोलीवर आहे. तो एकसंध नाही. चुनखडकाचे अनेक थर व त्यांच्यामध्ये शेलचे पातळ पट्टे अशी त्याची रचना असून वरच्या भागात वायूची टोपी आहे. चुनखडक पाण्यात अंशतः विरघळून तयार झालेल्या छिद्रांमुळे काही पट्ट्यांची पार्यता शेजारच्या थरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. सोडलेले पाणी व टोपीतील वायू या दोहोंना धाव घेण्यास अशा वाटा सोयीच्या असतात. जलपूरण ज्या रचनेत सर्वांत जिकिरीचे ठरते, अशांपैकी ही एक रचना होय.

येथे जलपूरण १९८४ मध्ये, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यावर आठ वर्षांनी, सुरू झाले. यासाठी समुद्राचेच पाणी वापरतात. ते गाळून, त्यातील ऑक्सिजन काढून व जंतुनाशके मिसळून मगच आत सोडावे लागते. अन्यथा नळ गंजतात, छिद्रे बुजतात आणि जंतूंमुळे खडकात विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होऊ शकतो. दरम्यानच्या काळात तेलाशयाचा दाब घटला होता व अनेक विहिरींत तेलाबरोबर येणाऱ्या वायूचे प्रमाण वाढले होते. घटलेला दाब पाण्याने पुन्हा काही अंशी वाढविता येतो, परंतु तेलातून सुटलेला वायू पूर्ववत विरघळत नाही. त्यामुळे उशिराने सुरू केलेले जलपूरण हे वेळेवर केलेल्या जलपूरणाची बरोबरी करू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, उत्पादनाच्या नोंदींशिवाय थरांचे वर्तन कळत नाही व ते कळल्याशिवाय पाणी कोठे सोडावे हे ठरविता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. १९७६ मध्ये उपलब्ध असलेल्या थोड्या विहिरींच्या माहितीवर बेतलेले कोणतेही प्रतिमान पातळ पट्ट्यांचे नेमके जाळे दाखवू शकले नसते. तेलाची निकड आणि तेलाशयाचे आरोग्य यांतील हा पेच केवळ तांत्रिक नव्हता.

त्याचे परिणाम १९९० च्या सुमारास राष्ट्रीय आकड्यांत उमटले. भारताचे खनिज तेलाचे उत्पादन १९८९–९० मध्ये सु. ३४ दशलक्ष टन होते, ते १९९२–९३ मध्ये सु. २७ दशलक्ष टनांवर आले. या घटीत मुंबई हायचा वाटा मोठा होता. नेमक्या याच काळात आखाती युद्धामुळे तेल महागले व देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. तेलाशयाला विसावा देण्याची गरज व अधिक तेलाची गरज एकाच वेळी उभी राहिली.

तेल व नैसर्गिक वायू आयोगाने (१९९३ पासून महामंडळ) १९७८ मध्ये अहमदाबाद येथे तेलाशयांच्या अध्ययनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. दोन दशकांहून अधिक काळाच्या नोंदी हाती आल्यावर सविस्तर प्रतिमानांच्या आधारे क्षेत्राच्या पुनर्विकासाच्या योजना आखण्यात आल्या. उत्तर भागाची योजना २००० मध्ये व दक्षिण भागाची २००१ मध्ये हाती घेण्यात आली आणि पुढे त्यांचे आणखी टप्पे झाले. त्यांत नव्या विहिरींबरोबरच जुन्या विहिरींच्या बाजूने विवरे काढून ती चुनखडकाच्या थरात आडवी नेण्यावर भर होता. उभी विहीर पातळ थराला काही मीटरच स्पर्श करते, तर आडवी विहीर त्यातून शेकडो मीटर जाते. त्यामुळे दाबातील अल्प फरकावरही तेल मिळते व वायूची ओढ कमी होते. या उपायांनी घसरण मंदावली, परंतु जुने शिखर परत आले नाही. २०२४ मध्ये दैनंदिन उत्पादन सु. १.३४ लाख बॅरल होते. उत्पादनवाढीसाठी तांत्रिक साहाय्य देण्याकरिता २०२५ च्या प्रारंभी बीपी या ब्रिटिश कंपनीची निवड करण्यात आली.

विहिरींची स्थाननिश्चिती : क्षेत्राचे उभेआडवे शंभर-शंभर भाग पाडल्यास विहिरीसाठी दहा हजार जागा मिळतात. त्यांतून दहा जागा निवडण्याचे प्रकार एकावर तेहतीस शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येच्या दुपटीहून अधिक होतात. प्रत्येक प्रकारासाठी सदृशीकरण करणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून शोधाच्या विविध रीती वापरल्या जातात. १९७४ मध्ये पूर्णांकी प्रायोजनाची गणिती रीत या प्रश्नाला लावण्यात आली. १९९० नंतरच्या दशकात जीवसृष्टीतील निवडीच्या तत्त्वावर बेतलेल्या रीती आल्या. त्यांत विहिरींच्या अनेक मांडण्यांची ‘पिढी’ घेऊन उत्तम मांडण्यांच्या संकरातून पुढील पिढी तयार करतात. यानंतर पूर्ण सदृशीकरणाची जागा काही अंशी घेणारी, जुन्या उदाहरणांवरून शिकणारी जलद प्रतिमानेही प्रचारात आली.

सर्वोत्तम मांडणी म्हणजे नेहमी सर्वाधिक तेल देणारी मांडणी नव्हे. वेधनाचा खर्च, वर येणाऱ्या पाण्याची विल्हेवाट व तेलाच्या भावी किमती यांचा विचार करून निव्वळ लाभ काढला जातो. समुद्रातील क्षेत्रात आणखी एक बंधन असते. विहिरी बहुधा स्थिर मंचावरून खणाव्या लागतात व मंचावरील जागा मर्यादित असतात. विकासाच्या आरंभी उभारलेल्या मंचांची स्थाने त्यामुळे पुढील अनेक दशकांच्या निवडीवर बंधन घालतात. ज्या वेळी माहिती सर्वांत कमी असते, त्याच वेळी सर्वांत दूरगामी निर्णय घ्यावे लागतात.

मर्यादा व महत्त्व : उत्तर समुद्रातील एकोफिस्क क्षेत्रात तेल काढल्यामुळे मऊ चुनखडक दबून समुद्रतळ खचू लागल्याचे १९८४ मध्ये लक्षात आले. तेथे १९८७ मध्ये मोठ्या प्रमाणावर जलपूरण सुरू झाल्यावर प्राप्ती अपेक्षेपेक्षा वाढली. मात्र दाब सावरल्यानंतरही खचणे लगेच थांबले नाही, कारण पाण्यानेही तो खडक कमकुवत होत होता. प्रतिमानात जी भौतिक क्रिया अंतर्भूत केलेली नाही, तिच्याविषयी ते काहीही सांगू शकत नाही, याचे हे उदाहरण होय.

सदृशीकरण हे भविष्यकथन नसून घेतलेल्या गृहीतांचे परिणाम तपासण्याचे साधन आहे. त्याचे मोल नोंदींच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. विहिरींतील दाबाची मोजणी करण्यासाठी उत्पादन काही काळ थांबवावे लागते. उत्पादनाच्या उद्दिष्टांपुढे ही मोजणी पुढे ढकलली गेली, तर नंतर कितीही मोठा संगणक ती उणीव भरून काढू शकत नाही. जलपूरणानंतरही बहुतेक तेलाशयांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते व मुंबई हाय याला अपवाद नाही. ते तेल कोणत्या थरांत अडले आहे हे शोधणे नवे क्षेत्र शोधण्याइतकेच मोलाचे आहे. मुंबई हायच्या बाबतीत या शोधाचा आधार १९७६ पासून साठलेल्या विहीरनिहाय नोंदी हाच आहे.